किलिमांजारोच्या पायथ्याशी शिवणवर्ग: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात मी टांझानियातल्या मोशी गावावर दोन पानं लिहिली आणि संपादकांनी खाली 'प्रश्न असल्यास कळवा' अशी ओळ टाकली. त्या ओळीनं माझा महिना खाल्ला. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आले, भाजी घेताना भद्रकालीत दोघी-तिघींनी गाठलं.

ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी नाशिकची. आयटीआयमध्ये मुलींना शिवणकाम शिकवण्यात नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर, अरुशाला नोकरी करणाऱ्या भाचीच्या ओळखीनं, मोशीतल्या बायकांच्या एका गटानं चालवलेल्या शिवणवर्गात बिनपगारी शिक्षिका म्हणून गेले आणि तिथले दोन्ही पावसाळे काढून परत आले. मोशी म्हणजे किलिमांजारोच्या दक्षिण पायथ्याचं, २०२२ च्या जनगणनेनुसार सव्वादोन लाखांच्या आसपास वस्तीचं गाव. आता प्रश्न.

काकू, तिथला एक साधा दिवस सांगाल का? इन्स्टाग्रामवर दिसतो तसा नको. (विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक)

मग खराट्यापासून सुरुवात करू. मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते त्या बाई पहाटे साडेपाचला अंगण झाडायला लागत. अंगण मातीचं. कचरा निघाला म्हणजे झालं असं नाही, मातीवर खराट्याच्या रेघा एका बाजूनं सारख्या उमटल्या पाहिजेत. पाहुणा त्या रेघांवर पाय ठेवून आत येतो तेव्हा घर जागं आणि नीट आहे हे त्याला न सांगता कळतं. त्याच सुमाराला मशिदीची अजान, थोड्या वेळानं चर्चची घंटा. एका गल्लीत दोन्ही, आणि कुणाची तक्रार नाही.

मोशी विषुववृत्तापासून जेमतेम तीन अंश दक्षिणेला. त्यामुळे वर्षभर उजाडतं साडेसहाच्या आगेमागे आणि अंधारतंही साडेसहाच्या आगेमागेच. तिथली माणसं तास मोजतात ते उजाडल्यापासून. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास, आपले नऊ म्हणजे तिसरा. स्वाहिलीत 'सा तातू'ला, म्हणजे तिसऱ्या तासाला ये, असं कुणी म्हटलं तर नऊला जायचं. बसचं तिकीट काढताना, दवाखान्याची वेळ घेताना कुठला तास ते विचारून घ्यायचं. परका चेहरा दिसला की बहुतेक जण आपणहूनच दोन्ही सांगतात.

डोंगर सकाळी लख्ख दिसतो, दहाच्या सुमाराला ढगात जातो, संध्याकाळी बरा असेल तर परत तोंड दाखवतो. परदेशी मंडळी फोन काढून उभी राहतात. आमच्या वर्गातल्या मुली त्याच्याकडे फक्त धुतलेले कपडे वाळतील की नाही एवढ्यासाठी बघत.

घरापासून वर्ग चालत फार तर पाव तास. पण पाव तासात कधीच पोचता येत नाही, कारण रस्त्यात नमस्कार. धाकट्यानं थोरल्याला 'शिकामू' म्हणायचं, थोरल्यानं 'माराहाबा'. माझे केस पांढरे, त्यामुळे दर चार पावलांवर मला शिकामू. मग सकाळ कशी, घरचे कसे, काम कसं, आणि समोरच्यालाही तेच उलट विचारायचं. दुकानातसुद्धा आधी हे सगळं आणि मग दोऱ्याचं रीळ. थेट 'पांढरा दोरा द्या' म्हणणारा माणूस तिथे बिनवळणाचा समजतात. मेनरोडवर असं करून बघा, मागचं गिऱ्हाईक आपल्याला ढकलून पुढे जाईल!

वर्ग आठला. मशीनं सगळी पायाची, त्यामुळे वीज गेली तरी टीप थांबत नाही. थांबते इस्त्री आणि ओव्हरलॉक. वीज तिथे आधी पैसे भरून घ्यायची: पैसे भरले की फोनवर वीस आकडी नंबर येतो, तो मीटरवर दाबायचा. महिनाअखेरीला गटाकडे पैसे नसले की कोळशाची इस्त्री बाहेर निघे. मी ती लहानपणी आजोळी पाहिली होती. मुलींना तिच्यातली राख कपड्यावर न पाडता फुंकर कशी घालायची ते माझ्यापेक्षा चांगलं येत होतं.

दहाला चहा. बहुतेक वेळा कोरा, भरपूर साखरेचा, कधी आल्याचा. सोबत मंदाझी, म्हणजे मैद्याचे किंचित गोड, फुगलेले तळलेले तुकडे. चारला वर्ग सुटायचा, मग बाजार, आणि अंधार पडायच्या आत घर. रात्री मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचून झोपायचं. हा झाला दिवस.

आम्ही पूर्ण शाकाहारी. अंडंसुद्धा नाही. उपाशी मरू का? (गृहिणी, पंचवटी)

ताई, उलट वजन वाढवून याल. रोजचं जेवण म्हणजे उगाली किंवा भात, त्यासोबत मऊ शिजवलेला राजमा आणि एखादी पालेभाजी. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. तिला मीठही नसतं. हातात छोटा गोळा घ्यायचा, अंगठ्यानं खळगा करायचा आणि त्यात राजमा उचलायचा. पालेभाजी बहुतेक वेळा 'मचिचा'. हा आपला माठ-राजगिऱ्याच्या कुळातलाच पाला, कांदा-टोमॅटोवर परतलेला. कोशिंबिरीला कचुंबरीच म्हणतात. चपाती मिळते, पण मैद्याची, तेल लावून पदर सोडवलेली. ती रोजची नव्हे, सणासुदीची किंवा हॉटेलातली.

एक खबरदारी घ्या. 'मांस खात नाही' एवढं सांगून भागत नाही, कारण कोंबडी आणि मासे त्यात धरत नाहीत. तिन्हींची नावं घेऊन नाही म्हणायचं. आणि शिजवलेल्या कच्च्या केळ्यांच्या पातेल्यात मटणाचा रस्सा आहे का ते विचारायचं. किलिमांजारोच्या उतारावरचे चग्गा लोक केळ्यांत वाढलेले. त्यांचा 'मतोरी' म्हणजे केळी आणि मांस एकत्र शिजवून घोटलेलं दाट सूप. बाळंतिणीला तेच देतात. तो तुमच्या कामाचा नाही. पण केळी-राजमा, नारळाच्या दुधातली केळी हे प्रकार मिळतात आणि फार चवदार लागतात.

आता आनंदाची बातमी. म्बुयूनीच्या बाजारात मला पहिल्यांदा नागलीचं पीठ दिसलं तेव्हा मी त्या बाईला दोनदा विचारलं. 'उलेझी' म्हणतात. आपल्या पेठ-सुरगाण्यात जी नागली पिकते तीच ही, आणि तिचं मूळ पूर्व आफ्रिकेतलंच. तिथे तिची सकाळी पातळ पेज करतात, साखर आणि लिंबू घालून. उरली तर केळ्याबरोबर आंबवून 'म्बेगे' नावाची दारू करतात, लग्नाकार्यात लागते. तुरीही मिळतात. टांझानियातली तूर आपल्याकडे जहाजं भरून येते. पण तिथे डाळ करून खायची पद्धत नाही, सबंध शिजवतात. मी डाळ भारतीय दुकानातून आणायचे, घरमालकीणबाईंना फोडणीचं वरण आवडायला लागलं, आणि मग माझ्या वाटणीचं कमी पडायला लागलं.

मी ओझरला ब्लाउज-ड्रेस शिवते. तुम्ही त्यांना काय शिकवलंत? आणि त्यांच्याकडून काय घेण्यासारखं आहे? (ओझर)

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून उत्तर लांबणार.

मोशीत शिंपी दुकानात नाही, दुकानाच्या ओट्यावर बसतो. आत कापडवाला, बाहेर त्याच्या भिंतीला पाठ लावून दोन-तीन पायमशीनं. गिऱ्हाईक आत कापड घेतं आणि बाहेर माप देतं. कापड म्हणजे किटेंगे: मोठ्या ठळक नक्षीचं छापील सुती कापड. तुकडा साधारण सहा वाराचा, सबंधच घ्यायचा. बरंचसं आता चीनहून येतं. नवं कापड खळीनं इतकं ताठ असतं की कात्री आनंदानं चालते. आधी पाण्यातून काढून वाळवलं नाही तर पहिल्या धुण्यात गळा आवळतो.

त्यांची कटिंग पाहून मी गारच पडले. खडूच्या चार खुणा आणि थेट कात्री. कागद नाही, फ्रेंच कर्व नाही. नक्षीतलं मोठं फूल किंवा पक्षी छातीच्या बरोब्बर मधोमध यायला हवा, तोच दोन्ही बाह्यांवर समोरासमोर यायला हवा, आणि तरी कापड वाया जाता कामा नये. उरलेल्या पट्टीतून डोक्याला बांधायचा रुमाल निघतो. आपण नक्षी जुळवतो ती काठाची. त्यांची नजर सबंध अंगभर नक्षी मांडते. तुम्ही बाटिकचं किंवा मोठ्या कलमकारीचं कापड कापाल तेव्हा हे करून बघा: आधी कापड माणसाच्या अंगावर धरा, फूल कुठे पडतं ते पाहा, आणि मगच घडी घाला.

मग मी शिकवलं काय? कागदावरचं ड्राफ्टिंग. पहिले काही दिवस मुलींच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं की ही बाई कागद फाडण्यात वेळ घालवते. त्यांचंही बरोबर, एकेका गाऊनसाठी कागद कशाला! पण तिथलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि प्राथमिक शाळेत गणवेश लागतोच. नोव्हेंबर-डिसेंबरात सगळ्या गावाला एकदम स्कर्ट-शर्ट हवे असतात. तिथे वयावार मापांचे पुठ्ठ्याचे नमुने कापून ठेवले आणि कापडाचे थर लावून एकदम कापलं, तर काम झरझर उरकतं आणि सगळ्या कॉलर एकसारख्या बसतात. पहिली गणवेशाची ऑर्डर वेळेवर गेली तेव्हा गटाच्या खजिनदारबाईंनी ते पुठ्ठे स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवले! त्याशिवाय उरेब पट्टीनं गळा बांधणं, हाताची काजं आणि मशीन साफ करणं. बॉबिन केसमध्ये किटेंग्याचा भुगा साचतो, त्यानं टाका सुटतो, आणि दोष बिचाऱ्या सुईला देतात.

वर्गात मुली कोण होत्या तेही सांगते. सातवीच्या किंवा चौथ्या फॉर्मच्या (माध्यमिक शाळेच्या चौथ्या वर्षाच्या) परीक्षेत राहिलेल्या, आणि काही कडेवर मूल घेऊन येणाऱ्या. दिवस गेले म्हणून सरकारी शाळेतून काढलेल्या मुलींना परत वर्गात बसायची मुभा तिथे २०२१ च्या नोव्हेंबरात मिळाली. त्याआधी ज्यांची शाळा सुटली त्यांना ती उशिरा आली. एकीचं बाळ माझ्या टेबलाखाली किटेंग्याच्या चिंध्यांच्या गादीवर झोपायचं, आणि ते उठलं की वर्गाची मधली सुट्टी ठरलेली.

ह्या धंद्याचा वैरी म्हणजे 'मितुंबा', युरोप-अमेरिकेतून गाठोड्यांनी येणारे वापरलेले कपडे. मोशीत मेमोरियलच्या बाजारात त्यांचे डोंगर लागतात. नवा शर्ट शिवायला जी मजुरी पडते तेवढ्यात तिथे दोन शर्ट मिळतात. २०१६ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी ही आवक टप्प्याटप्प्यानं बंद करायचं ठरवलं होतं. अमेरिकेनं व्यापारी सवलती काढून घेण्याचा इशारा दिला, आणि रवांडा सोडून बाकीचे मागे सरले. पण शिंपी हुशार: तोच मितुंबा आणून, उसवून, अंगाबरोबर बेतून देणारे कारागीर बाजाराच्या कडेलाच बसलेले असतात.

आणि हो, भिशी. आपली भिशीच, तिला 'उपातू' म्हणतात. वर्गातल्या दोघींनी पहिलं मशीन त्यातूनच घेतलं.

मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका संस्थेला बरीच रक्कम भरून तीन आठवडे आफ्रिकेतल्या अनाथाश्रमात 'स्वयंसेवक' म्हणून जायचं म्हणतो. पाठवू का? (सिडको, नाशिक)

दादा, मी पाठवणार नाही.

मुलाचं मन चांगलं आहे, त्याबद्दल बोलणं नाही. पण तीन आठवड्यांत तो मुलांची नावं शिकेल, मुलं त्याच्या गळ्यात पडतील, आणि तो जाईल. मग दुसरा येईल. लहान मुलांना दर महिन्याला नवा दादा देणं आणि काढून घेणं हे त्यांच्या भल्याचं नाही, हे बालकांसाठी काम करणारी मंडळी किती वर्षं कानीकपाळी ओरडून सांगताहेत. शिवाय जगभरात अनाथाश्रमांतल्या बऱ्याच मुलांची आई किंवा बाप जिवंत असतात, गरिबीमुळे ती तिथे असतात. पैसे देणारे पाहुणे येत राहिले तर मुलांना घरी परत पाठवण्यात कुणाला रस उरणार? तुमच्या सोसायटीतल्या पाळणाघरात उद्या कुणी अनोळखी परदेशी मुलगा, मराठीचा गंध नसताना, 'मुलांशी खेळतो' म्हणून आला तर तुम्ही दार उघडाल?

दुसरं, कागदपत्रं. टांझानियात पर्यटक व्हिसावर स्वयंसेवेचं कामही करता येत नाही. पगार नसला तरी. त्यासाठी 'क' वर्गाचा राहण्याचा परवाना लागतो आणि तो यजमान संस्थेमार्फत काढावा लागतो. 'तिथे गेल्यावर बघू' म्हणणाऱ्या संस्थेला तिथल्या तिथे नमस्कार करा. भरलेल्या रकमेतले किती पैसे त्या गावात पोचतात हेही लेखी मागा. उत्तर येईपर्यंत मुलाची परीक्षा होऊन जाईल.

त्याला खरोखर देश बघायचा असेल तर सरळ पर्यटक म्हणून जाऊ दे. स्थानिक माणसाचं घर भाड्यानं घ्यावं, स्थानिक वाटाड्याला पैसे द्यावेत. त्यात कमीपणा काही नाही. आणि काम करायचं असेल तर हातात काहीतरी आलं पाहिजे. पदवी होऊ दे, दोन वर्षं नोकरी करू दे, मग कुणाला नेमकं काय हवंय ते विचारून जाऊ दे. तोवर सुरगाण्याच्या आश्रमशाळेतला बंद पडलेला कॉम्प्युटर दुरुस्त करायला कुठलाच व्हिसा लागत नाही.

भारतीयांशी लोक कसे वागतात? भीती नाही का वाटली? (देवळाली कॅम्प)

भीती म्हणाल तर अंधार पडल्यावर एकटीनं पायी फिरायचं नाही आणि बोडाबोडावर, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवर, फोन हातात धरायचा नाही, एवढे दोन नियम. ते तिथल्या बायकाही पाळतात.

वागण्याचं जरा सविस्तर. गुजराती व्यापारी त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मोशीतही भारतीय दुकानं आहेत, मंदिर आहे. पत्रात तुम्ही 'हाकलून दिलं होतं ना' असं विचारलंय, ते युगांडा. तिथे १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना देशाबाहेर काढलं. टांझानियात तसं झालं नाही. मात्र १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंच्या सरकारनं समाजवादाची वाट धरली, १९७१ मध्ये कायदा करून भाड्यानं दिलेल्या मोठ्या इमारती ताब्यात घेतल्या. त्यात अनेक भारतीय घराण्यांच्या इमारती गेल्या आणि बरीच कुटुंबं ब्रिटन-कॅनडाला निघून गेली. जी राहिली त्यांच्या दुकानात आजही गल्ल्यावर भारतीय आणि पोती उचलायला आफ्रिकी, हे चित्र बदललेलं नाही. त्याचा राग आहे. उघड कुणी बोलत नाही, पण 'मुहिंदी' (भारतीय) बाई स्वतः केर काढते, डालाडालात (मिनीबसमध्ये) बसते, याचं सुरुवातीला माझं जे कौतुक झालं त्यातच सगळं आलं.

आपल्याला राग यायचं मात्र कारण नाही. वर्गातल्या एकीचा भाऊ भारतात शिकून आला होता. त्याला खोली मिळवताना घरमालकांनी काय काय विचारलं ते त्यानं मला जेवताना हसत हसत सांगितलं. ते इथे छापण्यासारखं नाही. मला मात्र मोशीत खोली पहिल्या दिवशी मिळाली.

द्राक्ष बागायतदार आहे. तिथली शेती पाहिलीत का? (निफाड)

रविवारी उतारावरच्या गावांत जायचे तेव्हा पाहिली. चग्गांची घराभोवतीची बाग, 'किहांबा', एकाच तुकड्यात मजले चढवते. वर सावलीची झाडं, त्याखाली केळी, केळीखाली अरेबिका कॉफी, अगदी खाली घेवडा आणि कंद. गाय गोठ्यात बांधूनच, तिचं शेण केळीला आणि केळीचा पाला तिला. डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी उतारानं फिरवत आणणारे जुने पाट आहेत, 'म्फोंगो'. प्रत्येक पाटाची आपली मंडळी असते, पाळी ठरलेली, गाळ काढायला न आलेल्याला दंड. बागलाणात मोसम-आरमवरचे फड आणि पाटकरी ज्यांनी पाहिलेत त्यांना नवं काही सांगायला नको.

कॉफीची सहकारी संघटना मात्र तुम्हाला दाखवायला हवी होती. किलिमांजारो नेटिव्ह को-ऑपरेटिव्ह युनियन १९३३ ची. गोऱ्या मळेवाल्यांच्या नाकावर टिच्चून काळ्या शेतकऱ्यांनी स्वतःची कॉफी स्वतः विकायला काढलेली. मोशीत सहकाराचं विद्यापीठसुद्धा आहे. भावाबद्दलच्या तक्रारी मी ऐकल्या, आणि त्या आपल्या कांदा लिलावाच्या दिवशी लासलगावात ऐकू येतात त्याच होत्या.

किलिमांजारो चढलात की नाही? (अनेक जण)

नाही, आणि खंतही नाही. उहुरू शिखर ५,८९५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. मरांगूच्या वाटेचं प्रवेशद्वारच कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच आहे, म्हणजे सुरुवातच आपल्या शेवटाच्या वर! दोर-खिळ्यांची चढाई नाही, पण विरळ हवेनं धडधाकट तरुण परत फिरतात. जायचंच तर दिवस जास्त घ्या, पैसे वाचवायला कमी करू नका, आणि हमालांना नीट मजुरी देणारी कंपनी आहे का ते आधी पाहा.

हवा, पैसे, औषधं, सामान? (बऱ्याच पत्रांतून)

मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबरच्या आसपास छोटा. जानेवारी-फेब्रुवारी तापतो, जून-जुलैत सकाळी शाल लागते. मोशी नाशिकपेक्षा थोडंच उंचावर आहे, 'बर्फाचा डोंगर जवळ' म्हणून लोकरी कपड्यांनी बॅग भरू नका. गुडघे झाकणारे कपडे. पंजाबी ड्रेस उत्तम.

पैसे शिलिंगमध्ये, मी होते तेव्हा रुपयाला साधारण तीस. रोजचा व्यवहार फोनवरून: एम-पेसा तिथे २००८ पासून आहे, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी. चौकाचौकात 'वकाला'च्या टपऱ्या, तिथे रोख द्यायची किंवा घ्यायची. सिम घेताना एअरटेलचा फलक दिसला की उगाच घरी आल्यासारखं वाटतं.

पीतज्वराची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी, अधिकृत केंद्रावरच. प्रमाणपत्र जन्मभर चालतं. विमानं नैरोबी, अदिस अबाबामार्गे जातात, परतताना मुंबईला ते पिवळं पुस्तक मागू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा, माझ्या शेजारणीला नव्हे. प्लगच्या पिना तीन चौकोनी. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर जून २०१९ पासून बंदी आहे, चिवडा-लाडू डब्यातून न्या.

लग्नकार्य पाहिलंत का? (सातपूर)

पाहिलं आणि वर्गणीही भरली! तिथे आहेर आधी. लग्नाच्या कितीतरी महिने आधी समिती बसते, अध्यक्ष, खजिनदार, सगळं. ओळखीच्या प्रत्येकाला छापील कार्ड जातं, त्यावर आकडा कबूल करायचा आणि तो वसूल होईपर्यंत फोन येत राहतात. मुलीकडचा निरोपाचा समारंभ लग्नाच्या आधी वेगळा. नात्यागोत्यातल्या बायकांनी एकाच कापडाचे कपडे शिवायचे, त्याला 'सारे' म्हणतात. अशी एक ऑर्डर आली की ओट्यावरच्या शिंप्याचा महिना निघतो.

निरोपाच्या समारंभाला मी येवल्याची पैठणी नेसले होते. कौतुक सगळ्यांनी केलं, पण वर्गातल्या मुलींनी काय केलं सांगू? पदर हातात घेऊन आधी उलटा केला. मागून धागे मोकळे सुटलेत का, मोर दोन्हीकडून सारखा आहे का ते बघितलं, आणि मग मान डोलावली. एवढ्या वर्षांत पैठणी उलटी करून बघणारं गिऱ्हाईक मला येवल्यातसुद्धा क्वचितच दिसलंय.

मिस्टरांच्या जेवणाचं काय केलंत? (नाव न देण्याच्या अटीवर)

त्यांनी केलं. कुकर लावता येतो त्यांना.

आमच्या महिला मंडळाकडे चांगल्या अवस्थेतली जुनी शिलाई मशीनं आहेत. तुमच्या वर्गाला पाठवता येतील का? (इंदिरानगर, नाशिक)

पाठवू नका. जहाजभाडं, जकात, बंदरातून सोडवण्याचा खर्च धरला तर त्या पैशात मोशीतच नवं पायमशीन येईल, तेही ज्याची बॉबिन केस आणि पट्टा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो असं. आपल्याकडच्या जुन्या मशीनचा एक भाग मोडला की ते तिथे शोभेचं टेबल होतं. वर्गात असं एक होतंच, कुठल्याशा देशातून भेट आलेलं. त्यावर इस्त्री करायचे.

तुमची मशीनं इथेच पेठ किंवा हरसूलच्या बचतगटांना द्या. मोशीच्या वर्गासाठी काही करायचंच असेल तर गटाच्या खजिनदारबाईंना मी विचारलंय, आणि त्यांनी मागितलंय ते असं: चांगली दहा इंची कात्री धार लावायच्या दगडासकट, आणि सोळा नंबरच्या सुया. दोन्ही भाचीच्या बॅगेत बसतं. ती दिवाळीला येतेय.